गुरुवारची ट्रायल

आमच्या कॉलेजात खेळ सात होते अन् पोरी नऊ. हे आधीच सांगून टाकते, कारण हे माहीत नसलं तं पुढं जे झालं ते काहून झालं, हे समजणार नाई.

कॉलेज म्हणजे भातकुली तालुक्यातल्या एका गावाच्या शेवटाले दोन मजली बिल्डिंग, एका बाजूनं तुरीचं वावर, दुसऱ्या बाजूनं ग्राउंड. ग्राउंड काळ्या मातीचं. पावसाळ्यात पाय टाकला का चप्पल तिथंच राहून जाते, अन् उन्हाळ्यात अशा भेगा पडतात का अख्खा घोटा आत. खेळण्याजोगं ते दिवाळीच्या आगंमागं तीन-चार महिनेच राहे, अन् तेच महिने कापूस वेचायचे. म्हणून नऊ. हजेरीपटावर पोरी गंज होत्या, ग्राउंडवर नऊ.

अन् सर एकच. मोठ्या कॉलेजात कबड्डीचा कोच वेगळा, व्हॉलीबॉलचा वेगळा. आमच्या इकडे कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, हँडबॉल, बॉल बॅडमिंटन, उंच उडी अन् क्रॉस कंट्री, सगळं हे एकटेच शिकवत. सकाळी आमी कबड्डीच्या पोरी, संध्याकाळी त्याच आमी व्हॉलीबॉलच्या पोरी. जर्सी एकच, निळी. अमरावतीच्या पोरी आमाले पाहून हसत. म्हणत, आल्या बाप्पा पुन्हा, या कालच्याच होत न?

सर तासिकेवर होते. म्हणजे पर्मनंट नाई. मार्चमध्ये नोकरी संपे, जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, त्याच खुर्चीसमोर. असे किती वर्षं झाले ते सर सांगत नसत. पण आमच्या खोखोच्या कॅप्टनची मावशी त्याइच्याच हाताखाली खेळली होती, अन् त्या मावशीची पोरगी तेव्हा चौथीत होती. यावरून समजून घ्या.

आता मी त्याइच्या हातात कशी सापडली ते सांगते. आमचं गाद्या भरायचं दुकान. अब्बा कापूस पिंजत, मी अन् अम्मी गलेफ शिवत. एक दिवस सर सायकल लावून आत आले अन् म्हणे, मले एक गादी पायजे. किती माणसाची, अब्बानं विचारलं. सर म्हणे, माणसाची नाई, उंच उडीची. वरून पोरी पडतात, खाली भेगा आहेत, कोणाचा तरी पाय जाईल. अब्बाले ते काम भल्लं आवडलं. जिनिंगमधला टाकाऊ कापूस आणून त्याइनं अशी गादी भरली का ती दुकानाच्या शटरमधून बाहेरच निघेना. शेवटी एक बाजू उसवून, अर्धी रिकामी करून, रस्त्यावर नेऊन पुन्हा भरावी लागली. सगळा मोहल्ला पाहायले. ती पक्की भरली का नाई हे पाहायले मी ओट्यावरून धावत येऊन तिच्यावर उडी टाकली. सर माया पायाकडे पाहत राहिले. मंग अब्बाले म्हणाले, ही बारावी झाली का?

अब्बा आधी नाईच म्हणाले. सर तीन दिवस येऊन बसले. चहा प्याले, कापसाच्या गोष्टी केल्या, विषय काढला नाई. चौथ्या दिवशी अब्बाच म्हणाले, पूरा ट्रॅकसूट पहनेगी, मग़रिब की अज़ान के पहले घर आएगी. सर म्हणे, मी स्वतः आणून सोडत जाईन. अन् दोन वर्षं त्याइनं मले स्वतः आणून सोडलं, सायकल हातात धरून, चालत. अब्बा सगळ्याइले सांगत, मास्टर सच्चा आदमी है.

मी पण सांगत होती. खोटं कायले बोलू.

ते दिवस शेतकऱ्याइच्या आत्महत्यांचे होते, कसे होते ते इकडच्या लोकाइले सांगायची गरज नाई. रोज कोणाची तरी पांढरी गाडी गावात येई, कोणी फोटो काढे, कोणी पॅकेज जाहीर करे. कॉलेजची फी माफ झाली होती, पण फी माफ झाली म्हणून वावरातला कापूस आपोआप थोडीच घरी येते. मजूर भेटत नसत, मंग घरच्याच पोरी. आमच्या कॅप्टनचं असंच झालं. खोखोच्या सामन्याले आठ दिवस राहिले अन् ती ग्राउंडवर येईना. सर तिच्या वावरात गेले. तिचा बाप म्हणे, पोरगी पाठवली तं वेचन कोण? सर म्हणे, मी. अन् खरंच कमरेले ओढणी बांधून सर कापसाच्या ओळीत, तासावर उभे राहिले अन् ती प्रॅक्टिसले आली. दोन दिवस. कॅप्टनचा बाप मंग सगळ्या गावाले सांगत फिरे, मास्तरनं कापूस कमी अन् पालापाचोळा जास्त वेचला, जिनिंगवाला पाहीन तं मलेच हाकलन.

असे सर. म्हणूनच मले अजून बसत नाई डोक्यात.

मी कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर खेळत होती. सरनंच तिथं उभी केली. म्हणे, चढाईवाल्या पोरीच्या डोळ्यात पाहू नको, डोळे खोटं दाखवतात. टाच पाहाय. टाच उचलली का ती वापस फिरणार, तेव्हाच घोटा धरायचा. मी टाच पाहायले शिकली. इतकी का रस्त्यानं चालताना पण लोकाइच्या टाचाच पाहत होती. शेवटच्या वर्षाले अमरावतीच्या स्पर्धेत आमी दुसऱ्याच सामन्यात हरलो, पण मी त्या सामन्यात सहा घोटे धरले, अन् निवड समितीवाल्याइनं मायं नाव लिहून नेलं. पंधरा दिवसानं कॉलेजात पत्र आलं. विद्यापीठाच्या संघाच्या ट्रायलले बोलावलं होतं, अमरावतीले, गुरुवारी, दुपारी दोन वाजता.

विद्यापीठाच्या संघात निवड झाली का कलर कोट भेटते. निळ्या रंगाचा, खिशावर चिन्ह असलेला. कोट म्हणजे नुसता कोट नाई. त्याच्यावर पुढं बी.पी.एड.ले नंबर लागते, पोलीस भरतीत खेळाडूच्या कोट्यात बसता येते. अन् माया बाबतीत अजून एक गोष्ट होती. अकोटहून स्थळ आलं होतं. चांगले लोक, कपड्याचं दुकान. अम्मीचं मन झालं होतं. अब्बानं मले बाजूले घेऊन सांगतलं होतं का कोट आला तं मी त्याइले ना म्हणतो, तू अमरावतीले शिक. नाई आला तं मंग मायाजवळ बोलायले काही राहत नाई. साफ बोलणं. मले मंजूर होतं. मले तं वाटत होतं का कोट माया अंगावरच आहे, फक्त बटणं लावायचे राहिले.

मंगळवारी प्रॅक्टिस झाल्यावर सरनं मले बोलावलं. लोखंडी कपाटात काही तरी शोधत होते, तोंड तिकडेच. म्हणे, तुई ट्रायल पुढं ढकलली, आता सोमवारी हाय. गुरुवारी आपली खोखोची टीम अकोल्याले जाते, तू पण चाल.

बस्स. इतकंच. मी विचारलं पण नाई का पत्र कुठं हाय. कायले विचारीन? घरी जाऊन अब्बाले सांगतलं, तं त्याइनं सोमवारी दुकान बंद ठेवायचं ठरवलं, सोबत येतो म्हणे.

गुरुवारी बडनेऱ्याहून पहाटेची पॅसेंजर धरून आमी अकोल्याले गेलो. गाडीत लय मजा. कॅप्टननं घरून ठेचा-भाकर आणली होती, ती मूर्तिजापूर यायच्या आधीच संपली. पोरी मले चिडवून राहिल्या होत्या, कलरवाल्या बाईले खिडकीजवळ बसू द्या वो, तिचा रंग उडून जाईल. सर समोरच्या बाकावर बसले होते, त्याइनं पेपर उघडला तो अकोल्यालेच बंद केला.

खोखोत नऊ जणी लागतात. आठ बसणाऱ्या, एक धावणारी. आठ असल्या तं, सुरुवातीले का मधात, संघ मैदानात घेतच नाईत, समोरच्याले तसाच विजय देऊन टाकतात, अन् आपलं नाव कागदावर लागत नाई. बारा आणायची मुभा असते. मोठे कॉलेज बारा आणतात, वरून पाणी द्यायले दोघी. आमी नऊच.

पहिला डाव झाला. आमी तीन गुणांनी मागं होतो, पण हिंमत होती. मी पाणी प्यायले गुणफलकाच्या टेबलाजवळ गेली. तिथं अकोल्याच्याच एका कॉलेजच्या मॅडम गुण लिहायले बसल्या होत्या. अमरावतीच्या कबड्डीत त्याच पंच होत्या, माये सहाच्या सहा घोटे त्याइच्या शिट्टीवर झाले होते. त्याइनं मले पाहून पेन खाली ठेवला.

"तू इथं काय करून राहिली वो? आज तुई ट्रायल न?"

मी म्हटलं, नाई मॅडम, ती सोमवारवर गेली.

"कोणं सांगतलं? सोमवारी तं टीमचा कॅम्प चालू होते. आज दोन वाजता हाय. परवा मीच तुया सरले फोन करून म्हटलं, पोरीले टायमावर पाठवजा, नाव पक्कं हाय तिचं."

आपण काय बोलून गेलो हे त्याइच्या ध्यानात आलं असन. त्याइनं कागद जवळ ओढला अन् उगाचच गुण पुन्हा मोजायले लागल्या.

सर लिंबाच्या झाडाखाली होते. कॅप्टनचा पाय मुरगळला होता, तिच्या घोट्याले पट्टी बांधून राहिले होते. मी जाऊन उभी राहिली. विचारलं, सर, ट्रायल आज हाय का? सरनं पट्टीचा एक वेढा अजून घेतला. म्हणे, डाव संपू दे, मंग बोलू. मी म्हटलं, आज हाय का, तेवढंच सांगा.

"नववी कुठून आणू मी?" सर म्हणाले.

वर पायलं पण नाई. पट्टीकडेच पाहून म्हणाले. कॅप्टन एकदा त्याइच्याकडे पाहे, एकदा मायाकडे. तिले तेव्हाच समजलं. मंग सर हळू आवाजात सांगायले लागले, का त्याइची फाईल यंदा वर गेली आहे, पोस्ट मंजूर व्हायची आहे, संस्थेनं सांगतलं आहे का पोरींची टीम सगळ्या खेळांत उतरलेली दिसली पायजे, एक जरी खेळ कागदावर रिकामा दिसला तं ते दुसऱ्याले घेतीन. खोखोचं आजच होतं, त्याले सर काय करतीन. मी ऐकून राहिली होती अन् मायी नजर त्याइच्या टाचेवर होती. का, ते मले नाई मालूम. सवय.

शेवटी ते उठले, हात झटकले अन् म्हणाले, आता निघाली तं दोनपर्यंत पोचशील, मी धरून नाई ठेवत तुले. अन् मैदानाकडे चालते झाले.

हे मले सगळ्यात जास्त लागलं. खोटं बोलले ते बोलले. पण नंतर निवड मायावर टाकून दिली. थांबली तं मायी मर्जी, गेली तं आठ पोरींचं मीच वाटोळं केलं.

मी बॅग उचलली. खरंच उचलली. गेटपर्यंत गेली, तिथं ऑटो उभा होता, ऑटोवाल्यानं विचारलं, बसस्टँड? मी हो म्हणणार तेवढ्यात कॅप्टन लंगडत मागून आली. मले वाटलं रडन, नाई तं शिव्या देईन.

ती म्हणे, "जाय तू. पंचाले आमी काय सांगायचं ते सांगू. पण जाते का राहते ते लवकर बोल, ते बोलावून राहिले."

तिच्या घोट्याची पट्टी अर्धी सुटली होती. त्याच पायानं ती दुसऱ्या डावात धावणार होती. तिच्या बापानं तिले त्या दिवशी वेचणीतून सोडलं होतं, अन् हा तिचा शेवटचा सामना होता, उन्हाळ्यात लग्न ठरलं होतं. तिनं मले थांब म्हटलं असतं तं मी गेली असती, खरंच. तिनं म्हटलं नाई.

मी बॅग तिच्या हातात दिली अन् जाऊन चौकोनात बसली.

दुसऱ्या डावात मी कशी खेळली ते मले आठवत नाई. पोरी सांगतात का मी एकटीनं चार जणी बाद केल्या अन् एकदा तं खांबावर अशी आदळली का पंचानं वेळ थांबवली. आमी एका गुणानं हरलो. एका. सरनं कागदावर सही घेतली, शिक्का घेतला, कागद पिशवीत नीट ठेवला. घड्याळात तेव्हा दोन वाजून गेले होते.

येताना बसमध्ये सरनं केळी घेतली. पहिली फणी मायासमोर धरली. मी ती मागच्या पोरीले दिली अन् ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली. बडनेऱ्यापर्यंत कॅप्टन तेवढी एकदा म्हणे, माया पाय लय दुखून राहिला वो. बस्स.

घरी मी तीन दिवस काही सांगतलं नाई. कसं सांगू? रविवारी अब्बा शेजाऱ्याले सांगत होते का कल दुकान बंद रहेगा, लड़की का इम्तिहान है. तेव्हा मले राहवलं नाई. सगळं सांगतलं. अब्बाच्या हातात सुई होती. त्याइनं टाका पुरा घातला, धागा तोडला अन् विचारलं, "मास्टर ने झूठ बोला? ख़ुद के मुँह से?"

मी हो म्हटलं. त्याइनं पुन्हा विचारलं नाई. सोमवारी दुकान उघडलं.

संक्रांतीच्या आगंमागं सरची ऑर्डर आली. पर्मनंट. कॉलेजात पेढे वाटले. मले द्यायले आले तं मी हातच पुढं केला नाई. कॅप्टननं दोन उचलले, म्हणे एक हिच्या वाट्याचा. पोरी हसल्या, सर पण हसले, मीच नाई हसली. पण एक सांगते, त्याइच्या चेहऱ्यावर आनंद होता अन् तो पाहून मले एक सेकंद बरं वाटलं. मंग अजून राग आला, आपल्याले बरं काहून वाटलं म्हणून.

पेढ्यांच्या आठ दिवसांनी सरनं मले ऑफिसात बोलावलं. आता त्याइच्या नावाची पाटी होती, खुर्ची तीच. टेबलावर एक फॉर्म ठेवला. म्हणे, बॉल बॅडमिंटनची निवड व्हायची आहे. त्या खेळाले पोरीच येत नाईत, दहाची टीम लागते अन् सात येतात. मी बोलून ठेवलं आहे, नाव लागून जाईन. तुले कोट भेटून जाईन.

मी म्हटलं, मले तं रॅकेट पण नीट धरता येत नाई.

"बसून राहायचं. कलर तं कलर असते. खेळाचं नाव सर्टिफिकेटावर खाली बारीक लिहिलेलं असते, ते कोणी वाचत नाई."

मी फॉर्म उचलला नाई, तं सर खुर्चीत मागं टेकले. अन् मंग त्याइनं जे सांगतलं ते ते मोठ्या प्रेमानं सांगत होते, हे विसरू नका. म्हणे, मी पण असाच झालो. मी चांगला धावत होतो. माया सरनं मले हँडबॉलमध्ये टाकलं, गोलकीपर पुरा करायले. एक सामना पण खेळलो नाई. त्याच कोटावर बी.पी.एड. झालं, त्याच कोटावर इथं आलो. टीम पुरी करणारा माणूस लागतेच, त्याच्यात काही वाईट नाई.

मले तेव्हा समजलं का या माणसाले आपण काही चूक केली असं वाटतच नाई. आमी त्याच्यासाठी सात खेळात वाटायच्या नऊ पोरी होतो. जीव लावला, कापूस वेचला, सायकल धरून घरी सोडलं, सगळं खरं. अन् तरी पण नऊच.

फॉर्म मी घरी आणला. हे पण सांगते, फेकून नाई दिला. अकोटवाले पुढच्या महिन्यात येणार होते, अन् या कागदानं ते थांबत होतं. मी फॉर्म अब्बासमोर ठेवला. त्याइनं वाचून घेतलं, मंग विचारलं, ये खेल तू खेलती है? मी म्हटलं, नहीं. म्हणे, फिर? मी म्हटलं, कोट मिलेगा. अब्बानं फॉर्म मायाकडे वापस सरकवला. मोकळा कापूस पुढं ओढला अन् पिंजायले बसले. त्याइनं नको म्हटलं असतं तं मी भांडली असती, अन् कर म्हटलं असतं तं केलं असतं. सगळे लोक मायावरच टाकून मोकळे होत होते.

दुसऱ्या दिवशी मी कोरा फॉर्म घेऊन ग्राउंडवर गेली. सर एकटेच चुन्याची लाईन मारत होते. मी कागद पुढं धरला. त्याइनं पायलं, भरलेला नाई म्हणून उलटून पण पायलं. म्हणे, काहून?

मले गंज बोलायचं होतं. रात्रभर जुळवून ठेवलं होतं. पण तोंडातून एकच निघालं.

"सर, तुमी मले खरं सांगतलं असतं, तरी मी अकोल्याले आली असती."

सरच्या हातातून चुना सांडत राहिला, लाईन एकाच जागी जाड होत गेली. मंग ते म्हणाले, "खरंच आली असती?"

मी चुन्याची लाईन ओलांडून घरी आली. चैत्रात अकोटवाल्याइले होकार गेला, अन् मी हे अकोटहूनच लिहून राहिली. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, ती तक्रार नाई. आली असती का, ते मले आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाई. कदाचित नसती आली. कदाचित अमरावतीची गाडी धरली असती अन् आठ पोरी तशाच उभ्या राहिल्या असत्या. पण सरनं मले विचारायचं तं होतं. एकदा तरी विचारायचं होतं.